कॉल चालू होता

“ओ भाऊ! डोळे घरी ठेवून आले का?”

करिश्मा ओरडली तेव्हा तिची निशिगंधाची बादली पिकअपच्या चाकाखाली चपटी झाली होती. अकोल्याच्या जठारपेठेत तिच्या वडिलांचं, किसनरावांचं, फुलांचं दुकान. सकाळची घाई, पूजेच्या पुड्या बांधून बांधून बोटं ओली झालेली. आणि हा गाडी मागे घेत होता, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फोन!

गाडीतून एक उंच, सावळा पोरगा उतरला. त्यानं बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि बादलीचं विसरूनच गेला.

“चुकलं. पन भाऊ नोका म्हनू.”

“मंग काय म्हनू?”

“कुलदीप म्हना. अकोटचा. आजपासून तुमच्या दुकानात फुलं मीच आनून राहिलो.”

“पह्यले फोन खाली ठेवाले शिका. मंग आना फुलं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं नवी बादली आणली. तिसऱ्या दिवशी नुसताच थांबला, टोपल्या उतरवून झाल्या तरी. महिनाभरात ‘तुमी’चं ‘तू’ झालं, आणि किसनरावांनी पोरीच्या ओढणीला कुलदीपच्या बोटांनी लागलेला शेवंतीचा पिवळा रंग न पाहिल्यासारखं केलं.

फोन करायचं त्यानंच सुरू केलं. सकाळी अकोटहून निघालं की रस्ता तासा-दीड तासाचा. “निघालो वं,” तो सांगायचा.

सुरुवातीला ती दटावायची. “गाडी चालवून राहिला ना? ठेव.”

“तुहा आवाज नसला तं डुलकी लागते. मले जागं ठेवनं तुह्याच हातात हाय, पाह्य बाप्पा.”

ती हसायची... आणि फोन ठेवायची नाही. पुढं पुढं तर कान आणि खांद्याच्या मध्ये फोन धरून ती हार ओवू लागली. त्याच्या आवाजामागे इंजिनची घरघर, हॉर्न, कापसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर ती गाल फुगवून बसायची. दटावणारी करिश्मा कधी हरवली, तिलाही कळलं नाही.

दिवाळीनंतर कुलदीपचे वडील सूर्यभान घरी येऊन बोलणी करून गेले. माघात साखरपुडा ठरला.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. दुकानापुढे बायांची गर्दी. त्या गर्दीतही करिश्माचं चित्त साखरपुड्याच्या साडीत होतं. दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

“काहून उचलत नव्हता?”

“समोर ट्रॅक्टर होते, वं. रस्ता भरेल हाय.”

“ट्रॅक्टर मोठे का मी मोठी?”

“तूच. बोल, सरकार.”

“दोन फोटो धाडले. जांभळी घेऊ का मोरपंखी?”

“पोचल्यावर पाह्यतो ना.”

“नाही. आत्ता पाह्य. नाहीतं बोलनार नाही मी.”

“बरं, बरं... थांब.” तो हसला. क्षणभर नुसतं इंजिन. “मोरपं—”

एक बोदा आवाज आला. मग ब्रेक. मग काहीतरी रस्त्यावर घरंगळत गेल्यासारखं... आणि कुलदीपचा आवाज, पण तिच्याशी बोलणारा नव्हे.

“मावशी... ओ मावशी... डोळे उघडा ना...”

चार मिनिटं कॉल तसाच सुरू होता. करिश्मा हॅलो हॅलो करत राहिली. समोरची बाई हार मागत होती, ते तिला ऐकूच आलं नाही.

माणिकबाई रस्त्याकाठी तुरीच्या शेंगा विकायची. टोपलं घेऊन रस्ता ओलांडत होती. कुलदीपनंच तिला उचललं, फुलांच्या टोपल्या सारून गाडीत निजवलं, अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचला. कमरेचं हाड मात्र असं मोडलं की आता ती उभी राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

पोलिसांना कुलदीपनं सांगितलं, बाई न पाहता एकदम आडवी आली.

करिश्मा दवाखान्यात गेली ती संत्री घेऊन. माणिकबाई छताकडे पाहत होती.

“पोरी, मी दोनी बाजूनं पाह्यलं होतं,” ती आपणहून म्हणाली. “गाडी लांब होती. मले वाटलं, त्याले मी दिसली असंन. आता सारे म्हनतात, म्हातारीचीच चूक. माह्या लेकालेबी तसंच वाटते. रोज म्हनते, पाहून चालाचं होतं, माय...”

खाटेच्या पायथ्याशी बसलेला मुलगा मान खाली घालून होता. करिश्मा संत्री ठेवून जवळजवळ पळतच बाहेर आली.

संध्याकाळी कुलदीप दुकानाशी भेटला. दाढी वाढलेली, डोळे खोल.

“खोटं काहून बोलला?”

“तुह्यं नाव येऊ नाही म्हनून. म्या तुले वाचवलं, करिश्मा.”

“अन् तिले?”



दुसऱ्या दिवशी किसनरावांना सोबत घेऊन ती ठाण्यात गेली. “कॉल चालू होता,” तिनं सांगितलं. “फोन म्या केला होता. फोटो आत्ताच पाह्य, असं मीच म्हनलं.” मग जबाबावर सही केली. तिथून दवाखान्यात जाऊन, मुलासमोर, माणिकबाईलाही तिनं तेच सांगितलं. माणिकबाईनं तिच्याकडे पाहिलं. “म्हंजे मी पाह्यलं होतं,” म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. मुलगा आईच्या पायाशी वाकून रडू लागला. करिश्माला कोणी बस म्हटलं नाही. ती थांबलीही नाही.

सूर्यभानांनी ठरलेला साखरपुडा मोडला. जिनं पोराला केसमध्ये अडकवलं, ती सून नको.

कुलदीपनं मात्र जबाब बदलला, खरं ते कबूल केलं. लायसन्स गेलं, केस उभी राहिली. ठाण्याबाहेरच्या कडुनिंबाखाली तो तिच्यासाठी थांबला होता.

“बाबाचं सोड. मी समजावतो त्यायले. तू थांबशीन ना?”

करिश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“तू मले आवडते, कुलदीप. लय आवडते. आजबी. तुले तोंडानं कधी म्हनलं नव्हतं...”

“मंग?”

“पन तू बोलला का मले तोच आवाज येते. आत्ताबी आला. ‘करिश्मा’ म्हनतो तू, अन् मले ‘मावशी’ ऐकू येते... जन्मभर कसं ऐकू मी?”

त्यानं तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होता. मग तिचा चेहरा पाहून त्यानं ओठ मिटून घेतले.

आणि एकही शब्द न बोलता, तो बसस्टँडकडे चालू लागला.