अंड्याशेजारची बडबड

तो दार ढकलून आत शिरला तो बोलतच. "मॅडम, मशीन हेच ना? बापरे, काय उकडतंय इथे..."

तिने धावत जाऊन त्याच्या तोंडावर हातच ठेवला. मग भानावर येऊन तो झटकन काढला आणि त्याला व्हरांड्यात ओढलं.

"दारावर 'बोलू नये' लिहिलंय, दिसत नाही?"

"मला वाटलं, पेशंट झोपलाय."

"पेशंट अंड्यात आहे!"

ती गिधाड संवर्धन केंद्रातली डॉक्टर. गुरांना दिलेल्या एका औषधापायी, ती मेलेली गुरं खाऊन, गिधाडांचे थवेच्या थवे संपले होते. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि या अंड्यावरून तर आईच उठून गेली होती. ते उबवणी यंत्रात होतं, आणि यंत्र सारखं रुसत होतं. पिल्लाला माणसाच्या आवाजाची सवय लागली की ते रानात टिकायचं नाही. अशा ठिकाणी नेमका हा बडबड्या मेकॅनिक!

तो रोज यायचा. आत भुवया उडवून पाना मागायचा. व्हरांड्यात आला की सुटलाच...

"राग नाही ना येणार? तुमची गिधाडं दिसायला जरा—"

"येणार! एकदा जोडी जमली की वर्षानुवर्षं सोबत राहतात ती. नरसुद्धा अंडं उबवतो."

"मीही उबवेन की..." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... मशीन चालू ठेवेन."

"ठेवा. तेवढंच करा!" ती फणकारली. पण आत जाताना ओठ दाबून हसली.

एका दुपारी वीज गेली. जनरेटरने दोन आचके दिले आणि मान टाकली. ती यंत्राकडे धावली. त्याने मुकाट्याने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळल्या, अंड्याची पेटी मांडीवर घेतली आणि पेटीला कवटाळून बसला. पाय बधिर झाले, घाम डोळ्यांत उतरला, तरी हूं की चूं नाही. ती बाटल्या बदलत राहिली. मध्येच बोटांना बोटं लागायची... दोघंही तापमापकाकडे बघायची.

वीज आली, आणि दोन दिवसांनी टरफल तडकलं. ओलं, केविलवाणं पिल्लू बाहेर आलं. पिंजऱ्यातल्या गिधाडांच्या एका जोडप्याने ते पंखाखाली घेतलं, तेव्हा काचेआडून बघताना दोघांचेही डोळे भरले.

व्हरांड्यात आले तरी तो गप्पच.

"आता काय झालं?"

"मशीन नीट चालतंय. उद्यापासून यायला... काही निमित्त नाही."

"निमित्त!" तिचा पारा चढला. "महिनाभर माझं डोकं खाल्लंत, आणि बोलायचं तेवढंच राहिलं? आवडता तुम्ही मला! हेही मीच सांगायचं?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नुसता हसत राहिला वेड्यासारखा.

"देवा!" तिने कपाळावर हात मारून घेतला. दुसरा हात मात्र त्याने केव्हाच धरला होता, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.