न्गोनीला खरं कसं सांगायचं?

"अहो, ताटली उचला. दलदलीवर ठेवलीत तुम्ही!"

म्पिकाच्या खानावळीत गर्दी होती, म्हणून एक अनोळखी माणूस माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि त्याची न्शिमाची, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीची, ताटली नेमकी माझ्या नकाशावर टेकली. ताटली उचलायची सोडून तो वाकून बघायलाच लागला.

"हा रस्ता कोणी आखला?"

"मी. लुसाकाहून आलेय. आमच्या सहल कंपनीच्या पाहुण्यांना दुसरी गाडी दिसणार नाही असं जंगल हवंय. आणि बुटासारख्या चोचीचा तो मोठा करकोचा."

"दुसरी कशाला, तुमचीही दिसणार नाही. जूनपर्यंत इथे पाणी असतं. होडी लागेल." मग हळूच, "नाव काय?"

"तेम्वा जेरे."

"जेरे? म्हणजे न्गोनी! तरीच... उंदीर खाणाऱ्यांना बिळांपलीकडचे रस्ते कुठले माहीत!"

"आणि तुम्ही बेम्बा! माकडं खाऊन खाऊन सगळं झाडावरूनच बघता वाटतं?"

आमच्या न्गोनी आणि बेम्बा जमातींत हे चालतं. पणजे-खापरपणजे एकमेकांशी लढले, म्हणून आता आम्ही नुसती थट्टा करायची. राग धरायचा नाही.

त्याचं नाव कसोंदे. दलदलीकाठच्या तळावरचा वाटाड्या. पुढचे दोन-तीन दिवस तो माझ्याबरोबर आखणीला बसला. गाडी कुठे सोडायची, होडी कुणाची घ्यायची, तंबू कुठल्या उंचवट्यावर ठोकायचे... काम चोख, बोलणं मात्र सगळं वाकडं. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. मला तो आवडायला लागला होता. आणि उद्या तो तळावर निघणार होता, थेट नोव्हेंबरात पुढचा पाऊस येईपर्यंत. तिथे फोन लागत नाही.

शेवटच्या संध्याकाळी त्याच खानावळीत नकाशा गुंडाळताना तो म्हणाला, "तेम्वा, लग्न करशील माझ्याशी?"

मी सवयीने म्हटलं, "करते की! आधी बाबांना रीतीप्रमाणे गाई दे. माकडं चालणार नाहीत हं!"

तो हसला नाही. उलटून बोललाही नाही. बेम्बाने न्गोनीचा टोमणा मुकाट गिळला, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चिडलास?"

"चिडता येत नाही, हीच तर पंचाईत! तुला खरं सांगितलं तरी थट्टाच वाटते. माझे काका तुझ्या घरी मागणी घालायला आले, तर तुझे बाबा पोट धरून हसतील, जेवू घालतील आणि परत पाठवतील."

बाबा अगदी हेच करतील, यात शंका नव्हती.

"मग काकांना नको पाठवूस," मी म्हटलं. "आमच्या ऑफिसात मुयुंडासाहेब आहेत. लोझी जमातीचे. त्यांच्याशी ना तुमचं थट्टेचं नातं, ना आमचं. ते मध्यस्थ म्हणून आले, तर बाबा नीट बसून ऐकतील."

"म्हणजे... तू..."

"म्हणजे हो. मला तू आवडतोस, कसोंदे. मी थट्टा करत नाहीये. मुयुंडासाहेबांना मीच सांगते, तू निश्चिंत जा."

त्याने गुंडाळलेला नकाशा उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"बोल की काहीतरी! एखादा टोमणा तरी मार."

"आज नाही," तो म्हणाला. "आज तुला खोटं वाटेल असं काहीच बोलायचं नाही मला."

आणि भरल्या खानावळीत, सगळ्यांच्या देखत, त्याने माझा हात धरला.