चुरगाळलेली पाकळी

बाईंना झाड ओळखायला चष्मा लागत नसे. पान बोटांत चुरगाळायचं, नाकाशी धरायचं, की नाव जिभेवर हजर. शाळेची पायरी त्या जेमतेम चढल्या होत्या, पण गल्लीतल्या शिकलेल्या बायका कुंड्या घेऊन त्यांच्याच दारात उभ्या राहत, आणि नाव सांगण्याआधी बाई दोन टोमणे मारून घेत.

म्हणून त्या सकाळी नळाजवळच्या पुदिन्याच्या वाफ्यात ते फूल दिसलं, तेव्हा बाईंना आधी रागच आला. आपण लावलं नाही, आणि वर ओळखताही येईना. फिकट, ओठाच्या आतल्या कातडीसारखा रंग. सुनेने मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं. मोबाइलने दर खेपेला वेगळंच सांगितलं.

"तुझ्या नवऱ्यासारखाच आहे," बाई म्हणाल्या. "माहीत नाही एवढं म्हणायला जीभ वळत नाही."

मग त्यांनी नेहमीचंच केलं. एक पाकळी तोडली, चुरगाळली, हुंगली.

नातीच्या टाळूचा वास आला. न्हाऊन आल्यावर येतो तो, कोमट, थोडा दुधाळ. बाईंनी पुन्हा हुंगलं. तोच.

दुपारी नात शाळेतून आली आणि रोजच्यासारखी मांडीवर आदळली. बाईंनी तिच्या केसांत नाक खुपसलं. काही नाही. घामाचा नाही, तेलाचा नाही. धुतलेली काच हुंगावी तसं. मुलगा म्हणाला, तुला सर्दी झाली असेल. पण आत कांदा करपतोय हे बाईंनी अंगणातूनच ओळखलं होतं.

पोरीच्या पायाशी झोपणारा कुत्रा संध्याकाळी तिला पाहून गुरगुरला आणि मागे मागे सरकत कपाटाखाली गेला. जेवणाच्या वेळी सुनेने ताटं मांडली. तीनच.

"आणि पोरीचं?" बाईंनी विचारलं.

सून नुसती पाहत राहिली, शाळेतल्या कुणाचं तरी जुनं नाव आठवावं तशी. मग दचकून चौथं ताट आणायला उठली.

उजाडताच बाई खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या. मुळं बारीक होती, काळी, मऊ. हाताला कोमट लागत होती. बाईंनी ती मुठीत धरली आणि ओढली.

दारात नात उभी होती. दोन्ही हातांनी डोकं धरून.

"आजी, ओढू नको ना. दुखतंय."

बाईंनी माती परत लोटली. दाबली. पाणी घातलं.

आता त्या रोज पाणी घालतात. फुलाला कुणाला हात लावू देत नाहीत. आणि प्रत्येक जेवणाला सुनेला चौथ्या ताटाची आठवण करून देतात, आवाज चढवून, म्हणजे त्यातली थरथर कळत नाही.

आज सकाळी नात वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. पहिल्या फुलाशेजारी दुसरं उमललं होतं. त्याची एक पाकळी कमी होती. आजीचं बघून बघून शिकलेली पोर बोटं नाकाशी धरून बसली होती.

"आजी, मलापण ओळखता आलं," ती हसून म्हणाली. "हे तू आहेस."

बाईंच्या पाठीमागे गुरगुर ऐकू आली. कुत्रा उंबऱ्यात उभा होता, दात विचकून.

नातीकडे त्याने पाहिलंही नाही.