दगडापाशी ठेवलेलं मशीन

कंपनीने बांधून दिलेल्या जुन्या कम्प्युटरचा मला मनापासून राग येतो. हाताने जोडलेल्या मशीनमध्ये कुठलाही भाग कुठूनही आणून बसवता येतो. यांच्यात मात्र सगळं यांचंच लागतं, विशेषतः पॉवर सप्लाय. बाजारातला आणला तर डब्यात मावत नाही, आणि मावला तर त्याच्या पिना जुळत नाहीत. गडचिरोलीत अठरा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय मी. त्यातली निम्मी गिऱ्हाइकांना हेच समजावण्यात गेली असतील.

तरी मुरुमटोल्याच्या ग्रामसभेचं काम मी घेतलं, कारण मशीन मीच विकलं होतं. एका बँकेने मोडीत काढलेली दोन सारखी मशीन मी पाच वर्षांपूर्वी त्या गावात दिली होती. एक ग्रामसभेच्या खोलीत होतं आणि दुसरं लालसूच्या घरी. लालसू म्हणजे गावात कम्प्युटर येणारा पहिला माणूस. जंगलावरच्या गावाच्या हक्काचा दावा तो चार वर्षं टाइप करत होता, आणि मागच्या मोहाच्या हंगामात तापाने दोन दिवसांत गेला. आता त्याची धाकटी बहीण दिव्यानी ते काम पुरं करत होती. दावा दोनदा त्रुटी काढून परत आला होता. ही तिसरी आणि शेवटची मुदत होती, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. चार दिवस आधी मशीन अडून बसलं तेव्हा त्यांनी मला फोन केला.

शुक्रवारी सकाळच्या बसने पोचलो. ग्रामसभेने चार हजारांत बसवा म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात एसएसडी आली, वापरलेली पण तपासलेली रॅम आली, स्टॅबिलायझर काही आला नाही. अकरापर्यंत मी सगळं बसवलं. जे मशीन उठायला सात मिनिटं घ्यायचं, ते वीस सेकंदांत उभं राहिलं. दिव्यानी खूश झाली. दाव्याचे कागद सरकारी साइटवर आधीच चढवलेले होते. आता अकरा वयस्क साक्षीदारांचे अंगठे तेवढे मशीनला जोडलेल्या छोट्या यंत्रावर घ्यायचे होते. त्यातले दोघे खाटेवरून उठू शकत नव्हते, म्हणून हे काम गावातच होणं भाग होतं.

बाराच्या सुमाराला खोलीतला बल्ब एकाएकी पांढरा झाला आणि मशीनच्या मागून फट् असा आवाज आला. जळका वास सुटला. पॉवर सप्लाय गेला होता.

चूक माझी होती. गावाकडचा करंट कसा नाचतो ते मला ठाऊक होतं, आणि स्टॅबिलायझरशिवाय मशीन लावायचं नसतं हे मी दिवसातून दोनदा लोकांना सांगतो. गडचिरोलीला जाऊन दुसरं मशीन आणायचं म्हटलं तर जाऊन-येऊन सहा तास. मी डोक्याला हात लावून बसलो.

"लालसूचं मशीन कुठं आहे?" मी विचारलं. "यातला आणि त्यातला सप्लाय एकच आहे. आजच्यापुरता काढून लावतो."

दिव्यानीने मान खाली घातली. उत्तर वारलूंनी दिलं. वारलू म्हणजे ग्रामसभेचे म्हातारे अध्यक्ष.

"ते त्याच्या दगडापाशी ठेवलं ना भाऊ. त्याची खाट, त्याची छत्री, त्याचं कम्प्युटर. माणूस गेला का त्याचं सामान त्याले देऊन टाकतो आमी. मंग तो मांगाले येत नाई."

"संध्याकाळी परत नेऊन ठेवतो."

"त्याचं त्याले देल्लं. आता ते आपलं नाई."

मी वाद घातला नाही. नेटवर्क बघून येतो म्हणालो आणि पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि काढलेला जळका सप्लाय टाकून निघालो. गावाचं चार वर्षांचं काम माझ्या हलगर्जीपणाने बुडत होतं, आणि दोन किलोच्या पत्र्याच्या डब्यासाठी मी ते बुडू देणार नव्हतो. तेव्हा तरी मला ते असंच दिसत होतं.

गावाबाहेर साजाच्या झाडाखाली गेलेल्या माणसांसाठी उभे केलेले दगड होते, काही कमरेइतके, काही डोक्याइतके. लालसूचा सगळ्यात नवा. त्याच्यापाशी खाट उलटी टाकलेली, आणि तिच्या पलीकडे कम्प्युटरचं सामान. डब्यावर वाळवीने माती चढवली होती. एक पावसाळा त्याने उघड्यावर काढला होता, त्यामुळे आत गंजाचा लगदा असणार असं मी धरूनच चाललो होतो. झाकण काढलं, तर आत धुळीचा कणही नव्हता.

सप्लाय हातात घेतला तेव्हा तो गरम होता. एप्रिलचं ऊन आहे, मी स्वतःला म्हणालो. पण डबा सावलीत होता.

मी जळालेला सप्लाय त्याच्या जागी बसवला, झाकण लावलं आणि मागे न बघता चालू लागलो.

पिशवीत एक जुना सापडला, अशी थाप मारली. वारलू साक्षीदारांना बोलवायला गेले होते, म्हणून बरं. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. सप्लायच्या पंख्याचा आवाज थोडा अडखळत होता; तीन फेरे गुळगुळीत, मग एक टक्. तीन फेरे, टक्.

दिव्यानी पाण्याचा गडवा घेऊन आत येत होती. ती उंबऱ्यातच थांबली.

"हा आवाज," ती म्हणाली.

"जुना पंखा आहे. तेल लागंल."

"रात-रात आयकला मी हा आवाज. भाऊ, तुमी तिकडं गेलते का?"

"नाही," मी म्हणालो. अठरा वर्षांत गिऱ्हाइकाशी मी इतकं सरळ खोटं कधी बोललो नव्हतो.

तिने गडवा ठेवला आणि खुर्चीवर बसताना ती डावीकडे सरकून बसली. अर्धी खुर्ची मोकळी ठेवून.

दुपारभर एकेक म्हातारी माणसं येत गेली. अंगठे झिजलेले, यंत्र दोनदोनदा नाकारायचं, दिव्यानी ओल्या फडक्याने बोट पुसून पुन्हा टेकवायची. खाटेवरच्या दोघांना चौघांनी खाटेसकट उचलून आणलं. सव्वापाचला अकरावा अंगठा लागला, आणि त्याच वेळी गावातली लाइट गेली.

बल्ब विझला. छताचा पंखा फिरायचा थांबला. समोरच्या घरातला रेडिओ बंद पडला.

मशीन चालूच होतं.

असं क्षणभर होतं. सप्लायमध्ये थोडा करंट साठून राहतो, सेकंदभर पुरतो. मी मनात मोजायला लागलो. साठपर्यंत मोजलं, मग दोनशेपर्यंत. मॉनिटरची वायर तर थेट भिंतीतल्या बोर्डात होती, त्याचा आणि सप्लायचा काही संबंध नव्हता. तोही चालू होता. मी वाकून बोर्डाचं बटण बंद केलं.

काहीच फरक पडला नाही. तीन फेरे, टक्.

मला भीती वाटत होती, आणि ती लपवायला मी उगाच वायरी सारख्या करत राहिलो.

"राहू द्या भाऊ," दिव्यानी हळूच म्हणाली. "काम होऊ द्या."

पाच चव्वेचाळीसला ती शेवटच्या पानावर पोचली. खाली हिरवं बटण होतं, दावा सादर करा. तिने ते दाबलं. समोर सहा रिकामे चौकोन आले, आणि वर एक ओळ: नोंदणीकृत मोबाइलवर पाठवलेला ओटीपी दहा मिनिटांत भरा. नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसत होते.

दिव्यानीने तोंडावर हात ठेवला.

"दादाचा नंबर आहे."

"बदलला नाही तुम्ही?"

"पासवर्डनंच उघडत होतं ना. हे मालूम नोतं मले."

"फोन कुठंय त्याचा?"

तिने दगडांच्या दिशेला पाहिलं. फोन त्याच्या सामानातच दिलेला असणार. वर्षभर न चार्ज केलेला, सिम कधीचं बंद झालेलं. नंबर बदलायला तालुक्याच्या कचेरीत अर्ज लागतो. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला तिथे फोनसुद्धा कुणी उचलत नाही.

दारात वारलू उभे होते. त्यांच्यामागे अंगठे देऊन थांबलेली सगळी माणसं. चार वर्षं, दोन वेळा परत, आणि आता सहा चौकोन. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आठ मिनिटं राहिली. मग सहा.

दिव्यानीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. माझे खिशात होते.

पहिल्या चौकोनात सहा उमटला.

मी कीबोर्डकडे पाहिलं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

शून्य.

मग तीन. मग बराच वेळ काही नाही. शोधून शोधून टाइप करणारा माणूस थांबतो तसं.

पुन्हा तीन.

नऊ.

"दादा," दिव्यानी म्हणाली. एवढंच.

एक.

पान बदललं. आपला दावा सादर झाला आहे. वेळ सतरा बावन्न. दिव्यानीने मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला, तो नीट आल्याचं बघितलं, आणि त्याच वेळी मशीन बंद झालं. त्याचा पंखा थांबला.

"मी गेलो होतो तिकडं," मी म्हणालो. "सप्लाय त्याचा आहे."

वारलूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं शिव्या देतील.

"परत येता-येता अंधार पडन, लाइटबी नाई," ते म्हणाले. "सकाळी नेऊन देजा. आमी येऊन राह्यलो संग."

रात्री मी त्यांच्या पडवीत झोपलो, म्हणजे पडून राहिलो. उजाडताच आम्ही तिघे निघालो. वाटेत मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या, त्यांनी आमच्याकडे बघून वेचणं थांबवलं. सप्लाय मी फडक्यात गुंडाळून छातीशी धरला होता. आता तो थंडगार होता.

दगडापाशी वारलूंनी मोहफुलं ठेवली आणि गोंडीत काहीतरी पुटपुटले. मी डबा उघडून त्याचं त्याला परत बसवलं. एकेक स्क्रू घट्ट केला, गिऱ्हाइकाचं मशीन देताना करतो तसा. दिव्यानी वाकून तिच्या भावाच्या सामानावरचा पाला बाजूला करत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"भाऊ, हे पाहा."

खाटेच्या आडोशाला कीबोर्ड होता. वर्षभरात त्याच्यावर वाळवीच्या मातीचा जाड थर बसला होता, एकही अक्षर दिसत नव्हतं. फक्त उजवीकडच्या आकड्यांमधली काही बटणं उघडी पडली होती. शून्य, एक, तीन, सहा, नऊ. आणि एंटर.

तीनचं बटण इतरांपेक्षा जास्त पुसलं गेलं होतं.