दंतमंजनाच्या डब्यावरची बाई

दिंडोशीच्या त्या नव्या कॅफेत गंधाली शिरली ती फक्त गारव्यासाठी. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि पेशंटच्या घरून निघाल्यापासून एकही रिक्षा थांबत नव्हती. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे सांभाळायचे, आणि हाती चार पैसे आले की पॉप आर्टचे प्रिंट विकत घ्यायचे, हा तिचा शिरस्ता. भडक गुलाबी, लिंबासारखा पिवळा, ठिपक्याठिपक्यांचे चेहरे, एकाच वस्तूची चार रंगांतली चार रूपं... चारकोपच्या घरातली तिची खोली या चित्रांनी गच्च भरली होती. इथे झोप तरी कशी लागते तुला, असं आई अधूनमधून विचारायची.

कॅफेचं उद्‌घाटन संध्याकाळी होतं. आत अजून रंगाचा वास होता. एक तरुण शिडीवर चढून भिंतीवर चित्रं लावत होता. गंधालीने सवयीने वर पाहिलं, आणि हातातली पाण्याची बाटली निसटून फरशीवर घरंगळत गेली.

चार चौकटी. चारींत एकच बाई. मान जराशी कललेली, तोंडभर हसू — अगदी सगळे दात दिसतील असं. एकीत केस निळे, एकीत हिरवे. आणि चारींत, हनुवटीवर डाव्या बाजूला, तीळ.

"ते खाली उतरवा," ती म्हणाली.

"तिरकं झालंय का?" त्याने मान वाकडी करून पाहिलं.

"तिरकं नाही. ही माझी आई आहे."

तो हसला. "सॉरी हां, पण ही मोतीदाणा दंतमंजनची बाई आहे. जुन्या डब्यावरची. वर्षभर प्रेमात आहे मी हिच्या."

"मग जरा सांभाळून," गंधाली म्हणाली. "पुढच्या वर्षी साठीची होईल ती."

तिने मोबाइलवर आईचा फोटो काढून दाखवला. कुठल्याशा लग्नातला, ओठ घट्ट मिटलेले. तो शिडीवरून उतरला. फोटोकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि त्याचं हसू मावळलं.

त्याचं नाव ओजस. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा छपाईचा गाळा होता. टीशर्ट आणि लग्नाच्या पिशव्या छापून पोट भरायचं, आणि उरलेल्या वेळात जुन्या डब्यांवरची, काडेपेट्यांवरची चित्रं घेऊन प्रिंट करायचे. हा डबा त्याला भंगारात मिळाला होता. कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे विचारायचं कोणाला, म्हणून कोणालाच विचारलं नाही. हे सगळं त्याने स्वतःहून सांगितलं. मग परत शिडी चढला आणि एकेक करून चारही चित्रं उतरवली.

कॅफेची मालकीण नीला धावत आली. सहाला पाहुणे येणार आणि भिंत उघडी? हा चेहरा लावायचा हक्क मला नाही, असं तो शांतपणे म्हणाला. मग पुढचं कामही तुझं नाही, असं ती म्हणाली. त्याने मान डोलावली.

गंधाली खरं तर भांडायच्या तयारीत होती. समोर भांडायला कोणी उरलंच नाही, तेव्हा ती नुसतीच उभी राहिली. त्याने प्रिंट गुंडाळून तिच्या हातात दिले.

"तुमच्या आईचे आहेत. येऊन माफी मागू?"

"नको... अजून नको."

कारण घरी काय सांगायचं हे तिलाच कळत नव्हतं. तिची आई — कुंदा, शाळेच्या ऑफिसमधून निवृत्त झालेली, काटेकोर बाई — अशी कधी हसलीच नव्हती. टीव्हीवर विनोदी काही लागलं तरी आधी हात तोंडावर जायचा, मग हसू यायचं. त्या भिंतीवर आईचा चेहरा घातलेली कोणी परकीच मुलगी होती. गंधालीने गुंडाळी कपाटात, कपड्यांच्या मागे ढकलली.

पण कोणाशी तरी बोलायला हवं होतं, आणि हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता. एकदा फोन झाला, मग रोज व्हायला लागला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंही नाही. त्याचा गाळा तिच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. संध्याकाळी ती तिथे टेकायची. लाकडी चौकटीत ताणलेल्या जाळीवर शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची, की खालच्या कागदावर रंग उतरायचा. पहिल्यांदा तिने पट्टी धरली तेव्हा त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"जोर इथे लावू नकोस, मनगट सैल..."

"जोर कुठे लावायचा ते मला शिकवतोस? माझं पोट चालतं त्यावर."

"मग हात काढू?"

"तसं कुठे म्हटलं मी," ती म्हणाली, आणि शाई भलतीकडेच पसरली.

एकदा तिने त्याला आपल्या खोलीचा फोटो दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि अर्धी चित्रं काढून ठेव म्हणाला. इतकी सगळी एकदम ओरडतायत, ऐकू कोणाचं येणार? तिला राग आला. घरी जाऊन तिने अर्धी काढली, आणि उरलेली इतकी उठून दिसली की तिला आणखीच राग आला.

दिवाळी जवळ आली होती. त्या संध्याकाळी एका लग्नाच्या पिशवीवर नवरदेवाचं नाव उलटं छापलं गेलं होतं, आणि गंधाली हसता हसता टेबलाला टेकली. ओजस बघतच राहिला. नकळत बोलून गेला, "अगदी तशीच हसतेस तू... तीच मान, तेच सगळं."

तिचं हसू थांबलं.

"ओजस, तुला मी आवडते, की ती डब्यावरची?"

त्याने लगेच बोलायला हवं होतं. तो गप्प राहिला. खरोखर विचार करत राहिला. गंधालीला धक्का बसला तो याचाच, की याला विचार करावा लागतोय. तिने पर्स उचलली आणि निघाली. नंतर त्याचे फोन आले, ते तिने घेतले नाहीत.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर दिवाळीची साफसफाई निघालेली, तिचं कपाट सताड उघडं, आणि जेवणाच्या टेबलावर निळ्या केसांचं चित्र पसरलेलं. चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या. आई समोर बसलेली.

"कुठे मिळालं हे?"

गंधालीने सगळं सांगितलं. आईने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग ती बोलायला लागली तेव्हा चित्राकडेच बघत होती.

ती एकोणीस वर्षांची होती, घाटकोपरला राहायची. मैत्रिणीच्या ओळखीच्या फोटो स्टुडिओला चांगल्या दातांची मुलगी हवी होती, आणि ही घरी न सांगता गेली. तिथे चंद्रप्रकाश नावाचा मुलगा दिव्यांचं बघायचा. तो काहीतरी बोलला, ही हसली, आणि तेवढ्यात फोटो निघाला. नंतर बरेच दिवस दोघं भेटत राहिली. मग डबे बाजारात आले. तिच्या वडिलांनी वाण्याकडून एक डबा आणून हिच्या पुढ्यात ठेवला. दात काढून सगळ्या मुंबईला दाखवलेस, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद, बाहेर जाणं बंद, आणि वर्षाच्या आत लग्न.

"म्हणजे... या फोटोत तू..."

"मी ज्याच्याकडे बघून हसतेय, ते तुझे बाबा नव्हेत," आई म्हणाली. "बाबांशी माझा संसार चांगला झाला. खोटं नाही सांगत. पण ही मुलगी त्याच्या आधीची आहे. तिला मी विसरूनच गेले होते बघ."

गंधालीने खुर्ची ओढली. 

"काय बोलला होता तो, तू इतकी हसलीस ते?"

"ते नाही सांगणार," आई म्हणाली, आणि उठून बरण्या उचलायला लागली. "त्या मुलाला बोलाव. मला भेटायचंय."

दुसऱ्या दिवशी ओजस आला. इस्त्रीचा शर्ट, पण नखांत शाई. त्याने नीट माफी मागितली. आईने पाणी दिलं, चहा टाकला, आणि आतूनच विचारलं, गाव कुठलं, घरी कोण.

"आम्ही बौद्ध, काकू," तो म्हणाला. चहानंतर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असा तो आवाज होता. "वडील राजाराम, अकोल्याहून आले. आता माहुलला राहतो."

आत चमचा वाजायचा थांबला.  आई कप घेऊन बाहेर आली, पहिला त्याच्या हातात दिला.

"विचारलं ते माझ्या वडिलांच्या सवयीने," ती म्हणाली. "उत्तराचं काही करायचं नाहीये मला. ते निळ्या केसांचं हॉलमध्ये लाव. मला इथे बसल्यावर दिसेल असं. आणि बाकीची त्या कॅफेवालीला हवी असतील तर दे, माझी ना नाही."

 ओजसने हातोडी मागितली.

गंधाली त्याला सोडायला खाली आली. सोसायटीच्या फाटकाशी आकाशकंदील लागले होते. दोघंही एकमेकांकडे न बघता चालत होती.

"त्या दिवशी गप्प बसलो," तो म्हणाला, "कारण मलाच माहीत नव्हतं. आणि तुला खोटं सांगायचं नव्हतं. मग तू यायची बंद झालीस. ती होतीच की गाळ्यात, डब्यावर, रोजच्यासारखी हसत... आणि मला तिथे बसवत नव्हतं. तेव्हा कळलं."

"काय कळलं?"

"आता तेही बोलायला लावणार?"

"हो."

"तूच आवडतेस, गंधाली. भांडतेस तीसुद्धा."

 मग तिने स्वतःचाच आवाज ऐकला. "उद्या मी माहुलला येते. तुझ्या आईबाबांना भेटायला."

"उद्या?" तो थबकला. "अगं... मी घरी अजून काहीच सांगितलेलं नाही."

"मग आज सांग."

 तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. कुठे जायचं, रिक्षावाल्याने विचारलं.

"चारकोप," ओजस म्हणाला.

"चारकोपमध्येच उभे आहात, साहेब."

ओजस तसाच आत जाऊन बसला. "स्टेशनला घ्या," गंधालीनेच सांगितलं. मग घरातल्या चपला पायात होत्या तशीच ती आत शिरली, आणि त्याला म्हणाली, "सरक ना जरा."