तिसरं टोपण

एफ्राईन मला पहिल्यांदा भेटला तो ला पारगेरा या कोळीगावाच्या धक्क्यावर, आणि तेही माझी एम्पनादिया, म्हणजे तळलेली खारी करंजी, खाताना.

"तुझी होती? मला वाटलं, समुद्राने पाठवली!"

अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

त्याच्याच होडीतून आम्ही पाण्याखाली फिरणारं ग्लायडर सोडायला निघालो. माणसाशिवाय चक्रीवादळाच्या पोटात शिरायचं आणि पाण्याची ऊब, खारेपणा मोजून कळवायचं, हे त्या पिवळ्या यंत्राचं काम. पाण्यात सोडण्याआधी त्याच्या मापकांवरची तीन लाल टोपणं काढून मी खिशात टाकते.

"सोराइदा, यंत्राकडे बघ… माझ्याकडे नको."

"तुझ्याकडे कोण बघतंय?"

मी बघत होते. संध्याकाळी खिशात दोनच टोपणं निघाली.

चार दिवसांनी वादळ आलं, आणि संगणकावर खारेपणाची रेघ सरळच्या सरळ! काही मोजलंच गेलं नव्हतं.

"सोडताना यंत्रावर होडी आपटली असणार," आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मिलाग्रोस म्हणाल्या. "यंत्र परत आणलं, की आपल्या कामाला एफ्राईनची होडी बंद."

मी गप्प बसले.

वादळ सरल्यावर आम्ही दोघं यंत्र आणायला गेलो. ही आपली शेवटची फेरी, हे त्याला कळलं होतं. तरी माझ्यासाठी कॉफी आणली होती त्याने! ग्लायडर वर ओढलं… लाल टोपण जागच्या जागी. त्याने ते पाहिलं, मग मला. समुद्राने पोटात घ्यावं असं वाटलं.

"मला माहीत होतं," मी पुटपुटले. "पहिल्याच संध्याकाळपासून."

टोपण काढून त्याने माझ्या मुठीत ठेवलं.

"मला मासे तरी धरता येतात. तू काय करशील? खिशात टाक… कुणी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस ना!"

धक्क्यावर डॉक्टर उभ्या होत्या. मी मूठ उघडली.

"होडी कुठेच आपटली नाही, डॉक्टर. हे मी काढलंच नाही. आणि कळूनही गप्प बसले."

"इतकी वर्षं विसरली नाहीस. आताच कशी विसरलीस?"

माझी मान खाली गेली. "मी… याच्याकडे बघत होते."

मागे होडीत काहीतरी धपकन पडलं.

"कामाला होडी त्याचीच राहील," डॉक्टर म्हणाल्या. "तू मात्र या मोसमात किनाऱ्यावर."

त्या गेल्या. मला मान वर करवेना. शेजारी येऊन बसत एफ्राईनने कागदातली एम्पनादिया मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"किनाऱ्यावरून बघ," तो म्हणाला. "तिथून मी जास्त बरा दिसतो."