गाणं थांबलं तर ओढायचं

खातुनाची कामाची रीत साधी होती. कुतैसी शहरात उतरणाऱ्या पाहुण्यांना ती डोंगरातल्या घरांमध्ये वाइन प्यायला घेऊन जायची. पण आधी त्या घरी स्वतः जाऊन यायची. चार घोट घ्यायची, जेवायची आणि घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघायची. वाइन कितीही झकास असो, नवरा-बायको एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत असतील तर ते घर बाद.

त्या दिवशी जीप चालवायला तिचा धाकटा भाऊ लेरी होता. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. आता लग्नाचं वय झालं होतं त्याचं, पण तिच्या लेखी तो अजून नाक पुसून द्यायच्या वयाचाच होता. अंगानं सडपातळ, तोंडानं वाचाळ, आणि गळा तर असा, की लग्नाकार्यात त्यानं सूर लावला की लोक त्याच्या तोंडात घास कोंबायचे. त्याला त्याचं काही नव्हतं. जीप चढणीला लागली की हा सुरू.

"अरे गप की मेल्या! इंजिन बंद पडेल."

"इंजिन माझ्या गाण्यावरच चाललंय, ताई. पेट्रोल भरलंयस कुठं तू?"

सकाळी दोन घरं झाली. दुसऱ्या घरचा म्हातारा जुम्बेर फाटकापर्यंत सोडायला आला, तेव्हा वरच्या डोंगरावरून धुकं उतरायला लागलं होतं. पुढं मुरमानकडे जायचंय म्हटल्यावर तो जरा घुटमळला.

"वाइन त्याची एक नंबर," तो म्हणाला. "प्या, बिनधास्त प्या. पण त्याच्या बायकोच्या नादी लागू नका. पोरगा गेल्यापासून ती... जाऊ दे. प्या आणि निघा."

मुरमानचं घर रस्ता संपतो तिथं होतं. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. यंदाची द्राक्षं तुडवून दोन रांजण भरले होते, आणि त्यांच्या तोंडातून रस फसफसल्याचा बारीक आवाज येत होता. सगळ्या अंगणाला त्याचा गोड-उग्र वास भरला होता. त्यांच्या पलीकडे एक मोठा रांजण होता. त्याच्या दगडी झाकणावरची माती कधीच वाळून भेगाळली होती आणि तिच्यात गवत उगवलं होतं.

मुरमान मोठ्या हाडाचा म्हातारा. त्यानं वाइन ओतली, पाहुण्यांच्या नावानं पेला उचलला, गेलेल्यांच्या नावानं दुसरा उचलला. वाइन मधाच्या रंगाची होती आणि खातुनानं त्या हंगामात तशी दुसरी चाखली नव्हती. पण बघावं तर हा माणूस बायकोशी बोलतच नव्हता. बायको त्सिआला दोन हातांच्या अंतरावर उभी, आणि हा लेरीला म्हणतो, "त्या बाईला सांग, चीज आण म्हणावं." तीही मुकाट्यानं चीज, मक्याची भाकरी, अक्रोडाची चटणी आणून ठेवायची आणि मागं सरायची. मनातल्या मनात खातुनानं ते घर खोडून टाकलं.

"काका, तो मोठा रांजण का रिकामा?" लेरीनं विचारलं.

"त्याला हात लावायचा नाही," मुरमान म्हणाला. मग टोपली पाठीला लावून, धुकं दाटायच्या आत राहिलेले घड काढतो म्हणून तो वरच्या मळ्याकडे निघून गेला.

तो दिसेनासा झाला आणि त्सिआला पहिल्यांदा बोलली.

"बाळा, तू बारीक आहेस. तेवढा रांजण आतून घासून देतोस? ह्यांचे खांदे त्या तोंडातून जात नाहीत. तो भरला की यांचं मन वळेल रे. तुझ्या बहिणीचे पाहुणे येतील, त्यांना दाखवायला मोठा रांजण नको का?"

"मावशी, काकांनी नको म्हटलंय ना?" खातुना म्हणाली.

"ते मला सगळ्यालाच नको म्हणतात, पोरी."

हे ऐकून कुणाला पाझर फुटणार नाही? लेरीनं तर सदरा काढलासुद्धा. मामाच्या घरचे रांजण लहानपणापासून तोच घासत आला होता.

दगड सरकवला. आतून जुन्या मातीचा थंड वास आला. त्सिआलानं दोरीला मेणबत्ती बांधून तळापर्यंत सोडली. ज्योत स्थिर जळत राहिली, म्हणजे हवा बरी होती. मग लेरीच्या काखेखालून दोर बांधला, शिडी सोडली, चेरीच्या सालीचा घासणा त्याच्या हातात दिला. बाकीचं त्याला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. रांजणात उतरलेल्यानं गात राहायचं आणि वर उभ्या असलेल्यानं ऐकत राहायचं. शेजारच्या फसफसत्या रांजणातली वाईट हवा जमिनीवरून सरकत येते आणि खोलात साचते. ती दिसत नाही. माणूस गातोय तोवर तो शुद्धीवर आहे. गाणं थांबलं तर ओढायचं.

"हौस फिटेस्तोवर गा आता," खातुना म्हणाली.

"आज तरी मला गप बस म्हणू नकोस हं, ताई!" हात वर करून, खांदे चोरून तो तोंडातून आत उतरला.

त्यानं काळ्या बैलाचं गाणं धरलं. ऊठ रे ऊठ, काळ्या बैला, ऊन आलं डोक्यावर. सूर नेहमीसारखाच घसरलेला, पण रांजणाच्या पोटात तो घुमून भारदस्त झाला होता. त्याबरोबर घासण्याची खर्र खर्र. खातुना हसली. धुकं अंगणात शिरलं होतं. घर दिसेना, मग अक्रोडाचं झाड दिसेना. रांजणाचं काळं तोंड, पलीकडे बसलेली त्सिआला आणि ते गाणं, एवढंच उरलं. त्सिआला डोळे मिटून, मान वाकवून ऐकत होती.

काही वेळानं घासण्याचा आवाज थांबला.

गाणं चालूच होतं. हात दुखले असतील, खातुनाला वाटलं.

"लेरी, झालं का रे?"

ऊठ रे ऊठ, काळ्या बैला...

"अरे, तुला विचारतेय!"

ऊन आलं डोक्यावर...

चेष्टा करतोय मेला, ती मनात म्हणाली. मग तीही त्याच्याबरोबर हलक्या आवाजात गुणगुणायला लागली. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिचा दम संपला. ती श्वास घ्यायला थांबली.

आवाज थांबला नाही.

तिनं पुन्हा कान दिला. ओळ संपायची आणि तिथूनच पुढची सुरू व्हायची. मध्ये फटच नव्हती. आवाज लेरीचा, घसरलेला सूर लेरीचा... पण गाणारा श्वास घेत नव्हता.

तिनं दोर धरला, तोच त्सिआलाचा हात तिच्या मनगटावर पडला. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुलाही ऐकू येतंय ना?" त्सिआला कुजबुजली. "गातोय ना तो? खरं सांग."

"सोडा, मावशी! काहीतरी झालंय त्याला!"

"माझा बोंदो असाच आत होता. मी इथंच बसले होते. गाणं थांबलं नव्हतं ग... एकदासुद्धा थांबलं नव्हतं. वर काढला तेव्हा गार पडला होता पोर. सगळे म्हणाले, तुझं लक्ष नव्हतं. हे तर त्या दिवसापासून बोलले नाहीत माझ्याशी. मला वाटलं, मीच वेडी. दुसऱ्या कुणीतरी एकदा ऐकावं, एवढंच हवं होतं मला... एवढंच..."

"तुम्ही माझ्या भावाला..." खातुनानं मनगट हिसडून सोडवलं, दोर खांद्यावर घेतला आणि जीव खाऊन ओढलं. दोर वीतभर आला आणि अडला. ती किंचाळली. मुरमानच्या नावानं, देवाच्या नावानं, जी नावं तोंडात आली त्या सगळ्यांच्या नावानं किंचाळली.

धुक्यातून जड पावलं धावत आली. मुरमाननं उघडा रांजण बघितला आणि दोराला हात घातला. मग त्सिआलानंही धरला. तिघांनी मिळून ओढलं, तेव्हा आधी लेरीचे हात वर आले, मग लोंबणारी मान. ओठ काळेनिळे पडलेले. मुरमाननं त्याला गवतावर पालथा घातला, पाठीत बुक्के मारले, उताणा करून तोंडात फुंकलं. खातुना त्याचा चेहरा धरून नुसती "लेरी, लेरी" करत होती. तो नाही उठला तर मला घरच नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

लेरी खोकला. ओकला. छाती हलायला लागली, आणि खातुनाला रडू फुटलं.

ती रडायची थांबली, तेव्हा सगळ्यांच्याच ध्यानात आलं. गाणं चालू होतं.

ऊठ रे ऊठ, काळ्या बैला. खालून येत होतं, लेरीच्या आवाजात. लेरी त्यांच्यासमोर गवतावर पडला होता.

"आत कोण आहे?" मुरमाननं विचारलं. बायकोला विचारलं, सरळ तिच्याकडे बघून.

"कुणी नाही," त्सिआला म्हणाली. "त्या दिवशीही कुणी नव्हतं. मी सांगत होते तुम्हाला. घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते."

मुरमान तिच्यापुढं मान खाली घालून उभा राहिला. एवढी वर्षं त्यानं वाया घालवली होती.

"ताई..." लेरी पुटपुटला. "मी नव्हतो गात. दोन कडव्यांतच... दम लागला. मग त्यानं धरलं."

"कुणी?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

मुरमाननं त्याला उचलून जीपच्या मागच्या सीटवर निजवलं. "खाली दवाखाना आहे, पुलाजवळ. पळ, पोरी." त्सिआला जीपपाशी आली. तिला खातुनाचा हात धरायचा होता, पण धीर झाला नाही. खातुनानंही हात पुढं केला नाही. केलं ते केलं, त्याला माफी नव्हती.

जीप सुरू होईना. तिकडे म्हातारा-म्हातारी मोठ्या रांजणाचं झाकण ढकलत होती. दगड दगडावर घासल्याचा आवाज आला, आणि लेरीच्या आवाजातलं गाणं मध्येच तुटलं. सगळं शांत झालं. शेजारच्या रांजणांची फसफस तेवढी ऐकू येत होती.

मग गाणं पुन्हा सुरू झालं, पहिल्या ओळीपासून. आवाज आता वेगळा होता. जवान, स्वच्छ, सुरात. खातुनानं बोंदोला कधी ऐकलं नव्हतं, पण तिला कुणी सांगावं लागलं नाही. मुरमानचे हात दगडावरून गळून पडले.

"ढकला," त्सिआला म्हणाली. "मुरमान, ढकला तो दगड. तो आपला नाहीये. तो कधीच आपला नव्हता."

मुरमान रांजणाच्या तोंडापाशी गुडघ्यांवर बसला.

"गाऊ दे ग त्याला," तो म्हणाला. "एवढं एक गाणं... होऊ दे."

"उठा! अहो, उठा!" ती त्याचा सदरा धरून ओढत होती, त्याच्या पाठीवर मुठी मारत होती. खातुना चावी फिरवत होती, आणि इंजिन नुसतं घुर्र करून बसत होतं.

आमच्याकडे गाणं एकट्याचं नसतं. एकानं ओळ उचलली की दुसरा खालचा सूर धरतो, आणि तिसरा मिळाल्याशिवाय गाणं पुरं होत नाही. मुरमाननं डोकं रांजणात वाकवलं आणि खालचा सूर धरला. त्याचा म्हातारा, फाटका आवाज आणि पोराचा तरणा आवाज एकमेकांत मिसळले, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला सुंदर होतं. खातुनाचाही हात चावीवर थांबला.

तेवढ्यात तिसरा आवाज मिळाला. घसरलेला, बेसूर, तिच्या कानांनी जन्मभर ऐकलेला.

तिनं झटकन मागं वळून पाहिलं. लेरी जागा होता. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं, तिच्याकडे बघत होता, आणि त्याचा गळा हलत होता.